बैलांना रस्ता ठाऊक होता

गाडीवान गाडीवर झोपला तर काय व्हायचं? बहुतेक वेळा काहीच नाही.

हिंगोलीच्या बाजारात माल उतरवून परतणाऱ्या गाड्या रात्री रस्त्याला लागायच्या. निजामाच्या राज्यात हिंगोली कापसाची मोठी पेठ होती आणि १९०३ पर्यंत इथं हैदराबाद कंटिंजंटची छावणीही होती. त्यामुळे कळमनुरी, औंढा, बसमत, सेनगावच्या बाजूनं गाड्यांची ये-जा कायम. गाडीच्या खाली कंदील टांगलेला, चाकांना वंगण दिलेलं. गाव मागं पडलं की गाडीवान कासरा सैल सोडायचा, घोंगडी ओढून घ्यायचा आणि डुलक्या काढायचा. कोणी गाणं म्हणायचं, कोणी मागच्या गाडीवाल्याशी ओरडून गप्पा मारायचं. बैल चालत राहायचे. खड्डा आला तर ते बाजूनं जायचे, समोर जनावर आलं तर थांबायचे, आणि घराचा रस्ता तर त्यांना गाडीवानापेक्षा चांगला ठाऊक असायचा.

ही आठवण जुन्या काळाचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्या काळी गाड्या उलटत, बैल बुजत, माणसं चाकाखाली सापडतही. मुद्दा वेगळा आहे. आज आपण ज्याला वाहन चालवताना लक्ष विचलित होणं म्हणतो, ती हजारो वर्षं वाहन चालवण्याची साधी रीत होती. घोड्यावर बसलेला माणूसही विचारात हरवू शकत होता. कारण वाहन चालवायचं काम एकट्या माणसाचं नव्हतंच. त्यातली निम्मी नजर आणि जवळजवळ सगळी भीती जनावराची होती. स्वतःचा जीव बैलालाही प्यारा असतो, म्हणून तो विहिरीत उतरत नाही.

या गोष्टीचा इतिहास पाहायचा तर सुरुवात मोबाइलपासून करून चालत नाही. ती जनावर गाडीपासून सुटलं तिथून करावी लागते.

इंजिनाला डोळे नसतात

कार्ल बेंझनं आपल्या मोटारगाडीचं पेटंट जानेवारी १८८६ मध्ये नोंदवलं. त्यानंतर दहा वर्षांनी, ऑगस्ट १८९६ मध्ये, लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मेली. मोटारअपघातात मेलेल्या अगदी पहिल्या पादचाऱ्यांपैकी ती एक. ती गाडी आजच्या हिशेबानं रांगत होती. पण समोर माणूस आहे हे त्या गाडीला स्वतःहून कळणार नव्हतं.

बैल गेला आणि त्याच्या डोळ्यांचं काम चालवणाऱ्याच्या अंगावर पडलं. माणूस मात्र तोच राहिला. एका जागी बसून तासन्‌तास समोर बघत राहणं ही काही आपल्या मेंदूची आवड नाही. त्याला कंटाळा येतो, झोप येते, गप्पा सुचतात.

हिंदुस्थानात इंग्रजांनी मोटारींसाठी १९१४ मध्ये कायदा केला, मग १९३९ मध्ये दुसरा. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या खात्यानं जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि लाल डब्याची एसटी गावोगावी पोचली.

या जुन्या एसटीत एक धडा होता. चालकाची जागा प्रवाशांपासून वेगळी असायची आणि ‘चालकाशी बोलू नये’ अशी सूचना रंगवलेली असायची. पण वाहकाला तर चालकाशी बोलावंच लागणार: थांब, चल, कोणी उतरतंय. त्यासाठी छताला दोरी आणि तिच्या टोकाला घंटी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. बस्स. चालकाला मान वळवावी लागत नव्हती, उत्तर द्यावं लागत नव्हतं, विचारही करावा लागत नव्हता. चालत्या गाडीत चालकापर्यंत काय पोचू द्यायचं आणि किती, याचं उत्तर आपल्या एसटीनं एका दोरीत दिलं होतं.

रेल्वेनं माणसावर विश्वास ठेवला नाही

हिंगोलीकरांना मीटरगेजची गाडी आठवत असेल. पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, त्याआधी इथून छोटी गाडी धावायची. अशा एकेरी मार्गांवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुनी युक्ती होती. ड्रायव्हरला पुढच्या स्टेशनापर्यंत जायची परवानगी म्हणून एक लोखंडी गोळा मिळायचा. मोठ्या कडीला अडकवलेल्या चामडी पिशवीत तो असायचा. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं विजेच्या तारेनं जोडलेली, त्यामुळे एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नसे. गोळा हातात नाही, तर गाडी हलवायची नाही. आजच्या इंजिनात सावधानतेचं यंत्र असतं. ड्रायव्हरनं ठरावीक वेळात काहीच हालचाल केली नाही, तर ते आधी त्याला इशारा देतं आणि तरीही प्रतिसाद आला नाही, तर ब्रेक लावतं.

म्हणजे रेल्वेनं फार लवकर ओळखलं की चांगला, प्रामाणिक, अनुभवी माणूसही चुकतो. त्याला ‘लक्ष दे’ एवढं सांगून भागत नाही. त्याचं लक्ष उडालं तरी माणसं मरणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते.

आणि जिथं अशी व्यवस्था अपुरी होती, तिथं काय झालं तेही रेल्वेच्याच इतिहासात आहे. १२ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ इथं प्रवासी गाडी लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली. २५ माणसं गेली. गाडी चालवणारा त्या वेळी मोबाइलवर मेसेज करण्यात गुंतला होता, असं चौकशीत निघालं. त्यानंतर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवणं तिथल्या संसदेनं बहुतेक मुख्य मार्गांवर सक्तीचं केलं.

रस्त्यावर असं काही झालंच नाही. तिथं लाखो लोकांच्या हाती इंजिन दिलं आणि सगळी भिस्त त्यांच्या नजरेवर ठेवली.

काचेवरच्या पुसणीपासून रेडिओपर्यंत

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. प्रत्येक नव्या वस्तूबद्दल म्हातारी माणसं हेच म्हणतात. मेरी अँडरसन या अमेरिकन बाईनं १९०३ मध्ये गाडीच्या काचेवरच्या वायपरचं पेटंट घेतलं, तेव्हा समोर हलणाऱ्या त्या काठीनं चालकाचं लक्ष जाईल अशी शंका लोकांनी काढली होती. १९३० च्या सुमारास मोटारीत रेडिओ आला, तेव्हा अमेरिकेत काही ठिकाणी त्यावर बंदी घालायची मागणी झाली. आज वायपर नसलेली गाडी पावसात कोणी काढणार नाही, आणि रेडिओमुळे जग बुडालं नाही.

मग मोबाइलची भीतीही तशीच का नसावी?

कारण या वेळी कोणीतरी मोजून पाहिलं. १९९७ मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या दोघांनी टोरोंटोतल्या ६९९ चालकांची माहिती तपासली. या सगळ्यांकडे मोबाइल होते आणि सगळ्यांचे अपघात झाले होते. टेलिफोन बिलांवरून अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत कोण बोलत होतं हे पाहिलं, आणि त्याच माणसाच्या इतर दिवसांशी ताडून पाहिलं. फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट निघाला. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांनाही त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही.

ही शेवटची ओळ महत्त्वाची. आपल्याला वाटतं, अडचण हाताची आहे. हात मोकळा केला, कानात इअरफोन घातला, की सुटलो. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाहनाच्या सिम्युलेटरवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. फोनवर बोलणाऱ्या चालकांचे डोळे समोरच्या फलकावर पडतात, पण फलक काय होता हे त्यांना नंतर आठवत नाही. नजर रस्त्यावर असते आणि तरी रस्ता दिसत नाही.

मेसेज वाचायचा, टाइप करायचा, तर नजरही जाते. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी ट्रकमध्ये कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासाचे आकडे २००९ मध्ये जाहीर केले. टाइप करणाऱ्या चालकाची नजर धोक्याच्या क्षणाआधीच्या सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद फोनवर होती आणि धोका २३ पट होता.

४.६ सेकंद म्हणजे किती? हिशेब आपणच करू. बैलगाडी ताशी ४ किलोमीटरनं चालत असेल, तर तेवढ्या वेळात ती पाच मीटर जाते. ताशी ५० नं जाणारी मोटारसायकल ६४ मीटर जाते. ताशी ८० नं जाणारी कार १०२ मीटर जाते, म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं एकापुढं एक मांडावीत तितकं, डोळे मिटून. गाडीवानाची डुलकी आणि आपला ‘ओके’ टाइप करणं यांत माणसाची वृत्ती एकच आहे. फरक पाच आणि एकशे दोन यांच्यात आहे, आणि पुढे बैल नाहीत यात आहे.

तिरकी मान

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. ज्योती बसू कोलकात्यातून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत, म्हणून लोक फोन वाजला तरी उचलायला कचरत. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं. फोन स्वस्त झाला आणि मोटारसायकलही हप्त्यावर मिळू लागली. दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी आमच्या भागातल्या घराघरांत आल्या. हिंगोली तेव्हा नुकताच, १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा झालेला जिल्हा होता.

त्याच काळात रस्त्यावर एक नवी आकृती दिसू लागली: मान तिरकी करून, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून धरलेला मोटारसायकलवाला. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि फोन कानावरून डोळ्यांसमोर आला. तिरकी मान आता वाकलेली मान झाली.

याची किंमत आपल्या जवळच चुकवली गेली आहे. २४ जुलै २०१४ च्या सकाळी तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यात मासाईपेठ इथं शाळेची बस फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर चढली आणि नांदेडहून निघालेल्या पॅसेंजर गाडीनं तिला धडक दिली. डझनापेक्षा जास्त मुलं गेली. बसचालक त्या वेळी मोबाइलवर बोलत होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. तोही वाचला नाही, म्हणून त्याची बाजू कधी ऐकता येणार नाही. रेल्वेनं ब्रॉडगेजवरची अशी बिनफाटकाची सगळी क्रॉसिंग जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली. चालकांना उपदेश करण्यापेक्षा हा उपाय नक्कीच जास्त पक्का होता.

नामदेवांचा पतंग

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांचा जन्म १२७० चा. नामदेव पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यातलं एक पद नेमकं लक्षाबद्दल आहे. मुलगा पतंग उडवतो, मित्रांशी गप्पा मारतो, पण त्याचं चित्त दोरीवर असतं. बायका पाण्याच्या घागरी भरून आणतात, हसतात, बोलतात, पण चित्त घागरीवर असतं. गाय लांब रानात चरते आणि तिचं चित्त वासरात असतं. आई घरातली, बाहेरची कामं उरकते, पण मन पाळण्यातल्या बाळाकडे. तसं मन नामात असावं, असं ते सांगतात.

हे पद भक्तीचं आहे, वाहतुकीच्या नियमांचं नाही. पण कोणी म्हणेल, बघा, हात एकीकडे आणि मन दुसरीकडे ठेवता येतं असं नामदेवच सांगतात. मग गाडी चालवता चालवता बोललं तर काय बिघडलं?

जरा नीट पाहिलं तर त्यांचं निरीक्षण किती अचूक आहे ते कळतं. घागरवालीचं चित्त घागरीवर आहे आणि गप्पा वरवरच्या आहेत. पाय अडखळला की गप्पा आपोआप थांबतात, घागर सांभाळली जाते. सोबतच्या बायकांनाही ती अडखळलेली दिसते, त्याही गप्प होतात. फोनवर हे उलटं होतं. चित्त बोलण्यात असतं आणि गाडी वरवर चाललेली असते. पलीकडच्या माणसाला रस्ता दिसत नाही, त्यामुळे समोर ट्रॅक्टर आला म्हणून तो काही बोलायचं थांबत नाही. युटाच्या त्याच संशोधकांना २००८ मध्ये हाच फरक दिसला. शेजारी बसलेला सोबती रस्त्याकडे बघून बोलणं आवरतं घेतो, कधी कधी ‘समोर बघ’ असंही म्हणतो. फोनवरचा माणूस तसं करू शकत नाही. सोबती एका अर्थानं बैलाचं काम करतो, आणखी दोन डोळे पुरवतो.

कागदावरचे दोन टक्के

१९८८ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा देशात मोबाइल नव्हताच. धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये हातातल्या फोनचा स्पष्ट उल्लेख २०१९ च्या दुरुस्तीनं आला. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. त्याआधी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायला राज्यांना सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता, वापरायची मुभा आहे. कानातल्या इअरफोनवर मात्र या कायद्याचा रोख नाही, तो हातातल्या फोनवर आहे. टोरोंटोच्या आकड्यांनंतर वीस वर्षं उलटली, तरी कायदा हातापाशीच थांबला आहे.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगामुळे, आणि मोबाइलमुळे सुमारे दोन टक्के. दोन टक्के वाचून हायसं वाटायला नको. दोन टक्के म्हणजेच तीन हजारांहून जास्त माणसं. शिवाय अपघातानंतर गाडीचा चेंदामेंदा दिसतो, त्यावरून वेग लिहिला जातो. फोन खिशात जातो, किंवा शेतात उडून पडतो. तो त्या क्षणी चालू होता का, हे पंचनाम्यात सहज उमटत नाही. वेगात जाणारा माणूस फोन बघत नव्हता, असंही कोणी म्हणू शकत नाही.

मरणाऱ्यांत मोटारसायकलवाले जवळजवळ निम्मे असतात आणि पायी चालणारे सुमारे एक पंचमांश. म्हणजे ज्यांच्याभोवती पत्रा नाही, ते. हिंगोलीतून आज अकोला–नांदेड–संगारेड्डीचा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, बसमतवरून ६१ क्रमांकाचा. रस्ते रुंद झाले, वेग वाढला. पण त्याच रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मोठ्यानं डेक लावलेले ट्रॅक्टर आहेत, बाजारातून सुटलेली जनावरं आहेत, नरसीला आणि औंढ्याला पायी निघालेले लोक आहेत, हळदीच्या कामाला ट्रॉलीत बसून जाणाऱ्या बाया आहेत. ४ एप्रिल २०२५ रोजी बसमत तालुक्यातल्या गुंजच्या मजूर बाया घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात विहिरीत पडला आणि सात जणी गेल्या. त्याचा मोबाइलशी संबंध होता असं मला म्हणायचं नाही. पण ट्रॉलीतल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. स्टिअरिंग धरलेल्या एका माणसाचं लक्ष, एवढंच त्याचं संरक्षण.

घंटीची दोरी

गाडीवर येणारे बहुतेक फोन परक्यांचे नसतात. ते घरचे असतात. “कुठं यायलास?” “यायलोय, गाडीवर हाय.” रात्री उशीर झाला की आई, बायको, भाऊ काळजीनं फोन लावतात, आणि त्याच काळजीनं पोरगा तिरक्या मानेनं तो उचलतो. नाही उचलला तर घरचे घाबरतील, म्हणून. आपल्याकडे हा प्रश्न बेफिकिरीपेक्षा मायेचा जास्त आहे, आणि म्हणून पोलिसाच्या पावतीनं तो पुरता सुटत नाही.

तो सुटायला एसटीच्या दोरीसारखं काहीतरी घरातच ठरवावं लागेल. निघताना एक फोन, पोचल्यावर एक फोन, मध्ये काही नाही. चुकून लागलाच आणि पलीकडे वाऱ्याचा आवाज आला, तर लावणाऱ्यानं ‘गाडीवर हायस? ठेव’ म्हणून स्वतः ठेवायचा, उत्तराची वाट बघायची नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये गाडी चालवतानाचा मोड असतो, तो लावला की फोन गप्प राहतो आणि समोरच्याला तसा निरोपही जाऊ शकतो. रस्ता दाखवणारा नकाशा निघण्यापूर्वी लावून ठेवायचा. आणि मागं कोणी बसलं असेल, तर फोन त्याच्या हातात द्यायचा.